खडूच्या फुल्या

‘कम्प्लिशन आल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नका.’

हे वाक्य माझं आहे. पिवळा कागद, काळा जाड टाइप, पानाच्या अगदी वर. खाली पाच मुद्दे आणि पाचव्या मुद्द्यानंतर तीन उद्गारचिन्हं. तेव्हा मी उद्गारचिन्हं मीठ टाकावं तशी टाकायचे. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आले होते. वस्तीतलं पाणी, बंद केलेली बस, मुलींच्या वसतिगृहातलं जेवण. राग आला की कागद काढायचा, ही सवय. पण ज्यातला राग थेट आमच्या घरचा होता असं हे पहिलंच पत्रक.

ज्यांनी नवीन घर घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली, आता इथे माणसं राहू शकतात, असा दाखला महापालिका देते. तो कम्प्लिशन. तो आला की नळाला महापालिकेचं पाणी येतं. बिल्डरला तो आणायचा कंटाळा असतो, कारण त्यासाठी कामं खरोखर पूर्ण करावी लागतात. मग तो काय करतो? आधी किल्ली देतो. किल्लीबरोबर एक छापील ताबापत्र पुढे सरकवतो. त्यात लिहिलेलं असतं की सर्व कामे समाधानकारकरीत्या पूर्ण झाली असून माझी कोणतीही तक्रार नाही. म्हणजे ताट वाढायच्या आधीच ‘पोट भरलं’ असं लिहून द्यायचं. त्यावर सही केली की तुम्ही संपलात. नंतर तुम्ही साईट ऑफिसात गेलात तर तुम्हाला खुर्चीसुद्धा देत नाहीत.

आमची इमारत बालेवाडीच्या पुढे, हिंजवडीला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. चाळीस फ्लॅट. घेणारे बहुतेक हिंजवडीतले. सकाळी कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस त्या रस्त्याने एकामागून एक जायच्या, त्यातच ते बसलेले असायचे, कानात वायर घालून झोपलेले. रविवारी मात्र जोडीजोडीने घर बघायला यायचे. मी गेटवर उभी राहून पत्रकं वाटायचे.

‘सॉफ्ट कॉपी आहे का?’ एकाने विचारलं.

‘हार्ड आहे. वाचून बघा, दुखत नाही.’

‘नाही, मेलग्रुपवर टाकली असती तर सगळ्यांना गेली असती ना.’

त्याने पत्रक घेतलं, घडी घातली आणि गाडीच्या काचेवरची धूळ पुसली. चळवळीत असले प्रसंग येतात. मी दुसरं पत्रक दिलं.

चाळीसपैकी एक फ्लॅट आमचा होता. चौथा मजला, एक बेडरूम, हॉल, किचन. पप्पांच्या फंडात जे होतं ते सगळं त्यात गेलेलं. पप्पा खडकीच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. चौतीस वर्षं. माझा जन्म तिथल्याच क्वार्टरमधला. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा आणि ओट्यासमोर आईने लावलेला शेवगा. निवृत्तीनंतर क्वार्टर ठरावीक महिनेच ठेवता येतं. पप्पांनी एकदा मुदत वाढवून घेतली होती. मी म्हटलं, अजून एकदा अर्ज करू, मी लिहिते. ‘नियमात एकदाच आहे,’ म्हणाले. पंचशीलात पाच शीलं आहेत. पप्पांच्या पंचशीलात सहावं होतं, नियम.

म्हणजे अडचण अशी होती. त्या महिन्याच्या अखेरीला क्वार्टर सोडायचं. नव्या घरात जायचं तर किल्ली हवी. किल्ली हवी तर सही. आणि सही करू नका, हे मीच चाळीस घरांना सांगत फिरत होते.

पप्पांचं म्हणणं साधं होतं. कामं वेळेत नीट करून घेतली की सही करायला हरकत कसली? मग दाखला आज येवो नाहीतर सहा महिन्यांनी. मला ते पटत नव्हतं, पण घरात मी पत्रक वाटू शकत नव्हते.

महिनाअखेरीच्या तीन आठवडे आधीचा रविवार. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात खडूची डबी घेऊन साईटवर आले. मला वाटलं, बघतील आणि परत येतील. ते सकाळी नऊला सुरू झाले आणि एक वाजता थांबले.

त्यांच्या कारखान्यातली पद्धत अशी. धातूचे भाग तपासायला यायचे. जो भाग बरा त्यावर काही नाही. जिथे खोट असेल तिथे पांढऱ्या खडूने फुली. फुली मारली की तो भाग पुढे जात नाही, मग कितीही वरच्या साहेबाचा फोन येवो. आणि ती फुली पुसायचा हक्क ज्याने मारली त्यालाच. काम दुरुस्त होऊन परत त्याच्यासमोर यायचं, तो तपासायचा, आणि मग स्वतःच्या हाताने, ओल्या फडक्याने पुसायचा. दुसऱ्या कुणी पुसली तर चौकशी. पप्पांच्या नोकरीत अशी चौकशी एकदाच झाली होती आणि ती गोष्ट आमच्या घरी रामायणासारखी सांगितली जायची.

तर पप्पा हॉलच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसले आणि फरशीवर रुपया वाजवायला लागले. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज बारीक आणि कडक येतो. पोकळ असेल तर ढब् असा येतो. टक, टक, टक, ढब्. फुली. टक, ढब्. फुली. भिंतीला गाल लावून उजेडात फुगवटे बघायचे. फुली. खिडकी सरकवायची, अडकली की चौकटीवर फुली. बाथरूममध्ये त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायला पाहिजे ना? ते दाराकडे आलं, उंबरा शोधत. पप्पा बाजूला झाले, पाण्याला वाट दिली आणि दारावर फुली मारली.

साईट इंजिनिअर वर आला. पंचविशीतला, हेल्मेट कायम काखेत.

‘काका, हे काय करताय?’

‘तपासतोय.’

‘अहो, आमचं क्वालिटी चेक झालंय.’

‘कुणी केलं?’

‘मीच केलं.’

‘आणि बांधून कुणी घेतलं?’

‘म्हणजे... मीच.’

‘असं. पेपरही तुम्हीच लिहिला आणि मार्कही तुम्हीच दिले.’ पप्पांनी पुढच्या फरशीवर रुपया वाजवला. ढब्. ‘पहिला नंबर आला असेल.’

इंजिनिअर हसला. त्याला राग येत नसे, हीच त्याची मोठी ताकद होती. म्हणाला, ‘पंधरा-वीस दिवसांनी या काका. सगळं ओके मिळेल.’

एकसष्ट फुल्या झाल्या. मी मोजल्या. मग म्हटलं, ‘पप्पा, यादी करू या. तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली ऑफिसात देऊन पोच घेऊ.’

‘यादी कशाला? जिथे चूक तिथे फुली आहे. कागद टेबलावर पडून राहतो. फुली मालावर असते, माणसाला दिसते.’

‘अहो, पण हा कारखाना नाही.’

‘काम ते काम.’

इथे मी वाद घालायला हवा होता. वाद घालणं हाच माझा धंदा. पण मला दोन वाजता शनिवार पेठेतल्या छापखान्यात पोचायचं होतं, पत्रकाची दुसरी खेप छापून घ्यायला. पहिली संपली होती. मी घाईत जिना उतरले आणि बस पकडली. त्या पत्रकातला दुसरा मुद्दा काय होता, सांगते. ‘घरातील सर्व दोषांची लेखी यादी करा व तिची पोच घ्या.’ तो मी त्या दुपारी छापखान्यात उभी राहून पुन्हा एकदा वाचला, शाई नीट उठलीय का ते बघितलं आणि छापायला सांगितलं.

चाळीस घरांना यादी करा म्हणून सांगितलं आणि आमच्या घराची यादी केली नाही. माझ्या मोबाइलला तेव्हा कॅमेराही नव्हता. पण ते निमित्त झालं. कागद होता, पेन होतं, बाप होता. मला वेळ नव्हता.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. पंचवीस-तीस जण आले, ही मोठी गोष्ट. मी एका उलट्या घमेल्यावर उभी राहून बोलले. कुणीही एकट्याने सही करायची नाही, सगळ्यांनी मिळून दाखला मागायचा, एक फुटला की सगळे फुटले. मेलग्रुपवाला म्हणाला, ‘पॉइंट व्हॅलिड आहे.’ हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. मागे खांबाला टेकून पप्पा उभे होते. त्यांनीही केला. त्यांनी माझ्याकडे न बघता केला, ते मी तेव्हाच बघायला हवं होतं.

त्याच आठवड्यात क्वार्टरवर एक बाई आली. सोबत टेप. आमच्यानंतर ते क्वार्टर ज्यांना मिळणार होतं त्यांची बायको.

‘सॉरी हं काकू, तुम्ही स्वयंपाकात आहात. फक्त खिडक्या मोजते. पडदे शिवायला टाकायचेत.’

आई भाकरी थापत होती. हात पिठाचे. म्हणाली, ‘मोजा की. आतली खिडकी जरा वाकडी आहे, दोन्हीकडून मोजा.’ मग तिने त्या बाईला चहा दिला आणि शेवग्याच्या शेंगाही दिल्या. बाई गेल्यावर आईने उरलेलं पीठ झाकून ठेवलं. म्हणाली, भूक नाही. मी आणि पप्पा जेवलो. 

महिना संपायला दोन दिवस होते. शनिवार. सामान बांधलेलं, टेम्पो दुसऱ्या दिवशीचा सांगितलेला. इंजिनिअरचा फोन आला होता, काका, घर तयार आहे, येऊन ताबा घ्या. आम्ही तिघं गेलो. बसमध्ये पप्पांच्या मांडीवर एक पिशवी होती. त्यात खडूची डबी आणि एक स्वच्छ फडकं. फुल्या पुसायला.

दार उघडं होतं. आत ॲसिडचा वास, डोळ्यांत पाणी येईल असा. आणि घर लखलखत होतं. फरशीत खिडकी दिसत होती. एक बाई उकिडवी बसून कोपरा घासत होती, मराठवाड्याकडची असावी, पायाला फडकी बांधलेली.

एकही फुली नव्हती. कुठेच नव्हती.

मला आधी आनंद झाला. खरं सांगते. वाटलं, केलं की काम! मग पप्पांनी खिशातून रुपया काढला आणि हॉलच्या कोपऱ्यात वाजवला. ढब्.

मी त्या बाईला विचारलं, ‘मावशी, इथे खडूच्या खुणा होत्या...’

‘व्हत्या की! लई व्हत्या. पोरासोरांनी रेघुट्या मारल्यात का काय, समद्या घरात. भितीवरच्या गेल्या पटकन, फरशीवरच्या निघंनात. दोनदा ॲसिड टाकलं. सकाळधरनं ह्याच घरात हाय मी.’ आणि तिने हसून आमच्याकडे बघितलं. शाबासकीच्या अपेक्षेने.

 आई म्हणाली, ‘छान केलंत हो मावशी. आरशासारखं केलंत.’ त्या बाईवर ओरडायचं कशासाठी? तिला जे सांगितलं ते तिने जीव तोडून केलं होतं. त्या इमारतीत स्वतःचं काम पूर्ण केलेलं बहुधा तेवढंच एक माणूस होतं.

इंजिनिअर फाइल घेऊन आला. पप्पांनी विचारलं, ‘फुल्या कुणी पुसायला सांगितल्या?’

‘फायनल क्लीनिंग असतं ना काका. हॅण्डओव्हरच्या आधी करतातच.’

‘फुली दुरुस्तीनंतर पुसतात.’

‘झाली ना दुरुस्ती.’

‘कुठली?’

‘सगळी. तुम्ही दाखवा ना काका, कुठे काय राहिलंय? दाखवा, लगेच माणूस लावतो.’

दाखवा. एकसष्ट जागा, चार तास, साठी ओलांडलेले गुडघे. पप्पा बसले खाली. टक, टक, ढब्. ‘ही.’ इंजिनिअर म्हणाला, ‘एवढं चालतं काका, एक-दोन फरशा पोकळ असतातच.’ ढब्. ‘ही.’ ‘तिच्यावर सोफा येईल बघा.’ बाथरूममध्ये पाणी ओतलं. पाणी दाराकडे आलं. जुन्या ओळखीचं असल्यासारखं आलं. इंजिनिअर म्हणाला, ‘वायपर मारायचा काका. बाथरूममध्ये वायपर सगळेच मारतात.’

मी बोलायला लागले. मोठ्याने. दुरुस्तीला एक तरी माणूस पाठवला होता का, महापालिकेत दाखल्याचा अर्ज तरी केलाय का, लेखी द्या, सगळं लेखी द्या. इंजिनिअर शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, यादी दिली होती का तुम्ही? तिची पोच असेल तर दाखवा, मी आत्ता कामं लावतो.’

त्याने माझं पत्रक वाचलं होतं. नीट वाचलं होतं. मी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यापेक्षा नीट.

तेवढ्यात बिल्डर आला. पांढरे कपडे, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. त्याच गावातला माणूस, जमीन त्यांचीच होती. माणूस म्हणून वाईट नव्हता. हेच कधी कधी जास्त त्रासाचं असतं.

‘काय काका, घर पसंत हाय न्हवं? ह्या जागंवर आमचा ऊस व्हता. मी बारका असताना इथं पाणी धरायचो.’

‘इथे बाथरूममध्ये अजून धरतंय,’ पप्पा म्हणाले.

बिल्डर जोरात हसला, इंजिनिअरच्या पाठीत थाप मारली. ‘चला, नारळ वाढवा काका.’

‘आम्ही नारळ फोडत नाही. उद्या आमची वंदना आहे.’

बिल्डर क्षणभर थांबला. पप्पांकडे बघितलं, मग दाराच्या वर बघितलं. सगळ्या चाळीस दारांवर गणपतीची एकेक टाइल बसवलेली होती, आमच्याही. ‘अरे, मंग आधी सांगायचं न्हाई का? ए, कोन हाय खाली? छन्नी घिऊन या वर!’

‘राहू द्या,’ पप्पा म्हणाले. ‘आम्ही काही म्हटलेलं नाही.’

‘न्हाई न्हाई काका, तुमचं तुम्हाला बराबर पाह्यजे.’

माणूस आला, छन्नी लावली, चार घाव, टाइल निघाली. दारावर चौकोनी खड्डा राहिला, आत राखाडी सिमेंट. एकसष्ट कामांपैकी एकही वीस दिवसांत झालं नव्हतं. जे कुणी मागितलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. तो माणूस आम्हाला मान देत होता की आम्ही कोण ते दारावर लिहून ठेवत होता? मी अजून ठरवू शकलेले नाही. त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. पेढे मात्र त्याने आईच्या हातात दिले, दोन्ही हातांनी, वाकून, आणि आईनेही घेतले.

मग ताबापत्र समोर आलं. रंगाचा रिकामा डबा उलटा करून पप्पा त्यावर बसले. फाइल मांडीवर.

मी म्हटलं, ‘पप्पा, नाही.’

ते वाचत होते. प्रत्येक ओळ. त्यांनी कधीही न वाचता सही केलेली नाही.

‘पप्पा, आपण दोन महिने कुठेही राहू. भाड्याने राहू. मावशीकडे राहू.’

‘मावशीकडे चार माणसं आहेत दोन खोल्यांत.’

‘सगळ्यांनी हात वर केलाय. तुम्ही पण केलाय. मी काय तोंड दाखवू?’

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. ‘पोरी, तुझ्या पत्रकात किती खोल्या आहेत?’

मी त्यांच्या मांडीवरच्या फाइलकडे बघितलं.

‘नाही, विचारतोय. उद्या सकाळी सामान कुठे उतरवायचं ते सांग. पाचही मुद्दे वाचले मी. त्यात नाही.’

आई खिडकीपाशी उभी होती. तिने खिडकी सरकवून बघितली. अर्ध्यावर अडकली. तिने खालून हाताच्या टाचेने एक ठोका दिला आणि ती सरकली. कसा ठोका द्यायचा ते तिला तेवढ्यात कळलं होतं. एवढं करून ती म्हणाली, ‘अहो, करा सही. उन्हाचं सामान टेम्पोत तापेल.’

पप्पांनी पेन काढलं. छापलेल्या मजकुराखाली जरा जागा होती, तिथे त्यांनी लिहायला सुरुवात केली, ‘दोष बाकी...’ इंजिनिअर पुढे झाला. ‘काका, काका, त्यावर काही लिहू नका, फॉर्म रद्द होतो. नवीन फॉर्म सोमवारी मिळेल.’ सोमवारी महिना संपलेला. पप्पांचं पेन थांबलं. इंजिनिअरने फाइलमधून दुसरा, कोरा फॉर्म काढला. सोमवारचा फॉर्म त्याच्याकडे शनिवारी होता. मी ते बघितलं, पप्पांनीही बघितलं. 

पप्पांनी सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख, तारखेखाली रेघ. कारखान्यात माल पास केल्यावर करायचे तशीच. चौतीस वर्षांत त्यांनी खोट असलेला एकही माल पास केला नव्हता. पहिला केला तो स्वतःच्या घराचा.

किल्ल्या तीन होत्या. एक कुलपाला लागतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आलो. पांढरे कपडे घालून वंदना केली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला खीर दिली. पाणी टँकरचं होतं, त्याला डिझेलचा वास येत होता, आईने तरी त्यातच खीर केली. मला काहीच वाटत नव्हतं. रागही नव्हता. राग नसला की मला माझं काय करायचं ते कळत नाही. दुपारभर मी खोकी उघडत बसले. एका खोक्यात पत्रकाची दुसरी खेप होती, निम्मी न वाटलेली.

त्याच रविवारी पार्किंगमध्ये लोक जमले. मेलग्रुपवाल्याने विचारलं, ‘तुमच्याकडे पझेशन झालं म्हणे?’

‘झालं.’

‘सही...?’

‘केली.’

तो ओशाळला. मी ओशाळायला हवं होतं, पण तोच ओशाळला आणि म्हणाला, ‘नाही, समजू शकतो. माझीही घरमालकीण मागे लागलीय.’ बाकीचेही काही बोलले नाहीत. कुणी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पुण्यात टोमण्याला तोटा नाही, पण नेमका हवा तेव्हा मिळत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत एकेक करून बहुतेकांनी सह्या केल्या. मी म्हटलं होतं ना, एक फुटला की सगळे फुटले. ते बरोबर निघालं. तो ‘एक’ मीच निघेन हे तेवढं पत्रकात नव्हतं.

वर आले तर पप्पा हॉलमध्ये गुडघ्यावर बसलेले. हातात रुपया, खडूची डबी उघडी. टक, टक, ढब्. फुली.

‘आता कशाला?’ मी विचारलं. ‘आता कोण बघणार?’

‘मी बघणार,’ म्हणाले. ‘घर माझं आहे.’

त्यांना सोमवारची संध्याकाळ झाली, मधे दोनदा झोपले. सगळ्या फुल्या परत मारल्या. एकोणसाठ झाल्या. दोन सापडल्या नाहीत, त्यावर ते आठवडाभर अस्वस्थ होते. मी या वेळी शेजारी बसून लिहून घेतलं. यादी. दोन प्रती. एक साईट ऑफिसात नेऊन दिली. पोच मागितली. इंजिनिअरने दिली, शिक्क्यासकट. ताबापत्रानंतरच्या यादीला काही किंमत नसते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दाखला यायला दोन वर्षं लागली. तोवर टँकर. पप्पांनी एकेक काम स्वतः केलं किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून पेन्शनमधून करून घेतलं, आणि काम झालं की तपासून, ओल्या फडक्याने, स्वतःच्या हाताने फुली पुसली. आई फरशी पुसताना फुलीच्या भोवतीने पुसायची. फुलीवरून फडकं नेलं नाही कधी. पाहुणे विचारायचे, हे काय? आई सांगायची, ‘ह्यांचं ऑफिस आहे.’ दारावरच्या खड्ड्यात पप्पांनी सिमेंट भरलं, वर काही लावलं नाही.

मीही पत्रकं लिहायचं सोडलेलं नाही. नव्या इमारतींतले लोक कुणाकडून तरी नंबर घेऊन फोन करतात, सही करू की नको विचारतात. पूर्वी मी तडक नाही म्हणायचे. आता आधी विचारते, सध्या राहता ती जागा कधी सोडायची आहे? आणि यादी केली का? नसेल तर फोन ठेवा, पेन घ्या, आज करा. पत्रकातही आता हे दोन प्रश्न सगळ्यात वर असतात. सही करू नका हे वाक्य तिसरं आहे.

न वाटलेली पिवळी पत्रकं आईने स्वयंपाकघराच्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरली. मी विचारलंही नाही. डाळीचा डबा उचलला की खाली दिसतं, सही करू नका.

बाथरूमच्या दारावरची फुली अजून आहे. तो उतार काढायचा तर सगळी फरशी उखडावी लागेल, आणि पप्पांच्याने आता खाली बसवत नाही. मी एकदा म्हटलं, पुसून टाकते ही, किती वर्षं झाली. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली.

‘पाणी जातंय का जाळीकडे?’

‘नाही.’

‘मग?’

मी वायपर घेतला आणि पाणी ओढलं.